विशेषणे गाळा, कारण लिहा

लंडनच्या मैडा व्हेल भागात हाउली प्लेस नावाचा रस्ता आहे. तिथल्या १० क्रमांकाच्या घरावर लोकमान्य टिळकांची निळी गोल पाटी आहे. जन्म-मृत्यूची वर्षे, 'भारतीय देशभक्त आणि तत्त्वज्ञ' ही ओळख आणि १९१८–१९१९ मध्ये ते येथे राहत होते, एवढाच तिच्यावरचा मजकूर. ती वाचताना माझा ऊर भरून आला, हे कबूल करतो; सोबतच्या भाच्याने मात्र ती वाचली आणि तो जवळच्या कालव्यातल्या होड्या पाहायला निघून गेला.

दोन दिवसांनी हायगेटमधल्या ६५, क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यू या घरासमोर गेलो, तर सावरकरांच्या पाटीवरही तेच शब्द: भारतीय देशभक्त आणि तत्त्वज्ञ. टिळकांची पाटी लंडन काउंटी कौन्सिलने १९६१ मध्ये लावली, सावरकरांची ग्रेटर लंडन कौन्सिलने १९८५ मध्ये; मधल्या २४ वर्षांत कोणाला दुसरा शब्द सुचू नये? 'गीतारहस्य' लिहिणाऱ्याला तत्त्वज्ञ म्हणणे मी समजू शकतो. पण क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यूवरचे हे घर म्हणजे श्यामजी कृष्ण वर्मा यांनी १९०५ मध्ये सुरू केलेले 'इंडिया हाउस', भारतीय विद्यार्थ्यांचे वसतिगृह आणि क्रांतिकारकांचा अड्डा. कायदा शिकायला १९०६ मध्ये लंडनला आलेले सावरकर तिथे राहिले आणि ब्रिटिश पोलिसांची नजर त्या घरावर खिळली. या दिवसांत 'तत्त्वज्ञ' हा शब्द कुठे बसवायचा?

अर्ध्या मीटर व्यासाच्या पाटीवर जागा तरी किती, हा आक्षेप मला मान्य आहे आणि म्हणूनच ती जागा विशेषणांवर खर्च होऊ नये, असे माझे मत आहे. पेंज भागात २०२२ मध्ये लागलेल्या दादाभाई नौरोजींच्या पाटीवर 'खासदार' हा एक शब्द आहे. तो गौरव करत नाही, माहिती देतो. परतंत्र देशातला माणूस १८९२ मध्ये ब्रिटिश संसदेत निवडून कसा गेला, हे कुतूहल त्या एका शब्दाने जागे होते.

प्रिमरोज हिलजवळच्या १०, किंग हेन्रीज रोड या घरात डॉ. आंबेडकर १९२१–२२ मध्ये राहत होते. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये अर्धवट सोडावे लागलेले शिक्षण पुरे करण्यासाठी ते लंडनला परतले होते. महाराष्ट्र शासनाने हे घर २०१५ मध्ये विकत घेऊन तिथे स्मारक केल्यामुळे, भिंतीवर मावत नाही ते आत सांगता तरी येते. हाउली प्लेसला तशी सोय नाही.

टिळक लंडनला आले ते फिर्यादी म्हणून. व्हॅलेंटाइन चिरोल या पत्रकाराने आपल्या पुस्तकात त्यांना 'भारतीय असंतोषाचे जनक' ठरवले होते. त्या पुस्तकातील मजकुराविरुद्ध त्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला होता. ज्यांच्यावर सरकारने राजद्रोहाचे खटले चालवले, तोच माणूस त्याच साम्राज्याच्या राजधानीत न्याय मागायला आला होता. कालव्याच्या काठावर भाच्याला मी हे सांगितले, तेव्हा होड्यांवरची नजर काढून त्याने विचारले, "मग मामा, जिंकले का ते?"

हरले, आणि खर्चाने कर्जबाजारी झाले.