फ्यूज आबांकडे आहे

काल दुपारी मी लाईटीच्या ऑफिसात पावणेदोन तास रांगेत उभा होतो. बिल माझं नव्हतं. ज्यांचं होतं त्या आबांना मी आयुष्यात एकदाच भेटलोय, त्यांचं आडनावसुद्धा मला बिलावर वाचून कळलं. तरी उभा होतो, कारण माझी एक वस्तू त्यांच्याकडे ओलीस आहे.

सुरुवात मामाच्या कॅमेऱ्यापासून. मामाचा कोरेगावला स्टुडिओ होता, तो बंद झाल्यावर याशिका मॅट १२४जी माझ्याकडे आला. दोन डोळ्यांचा कॅमेरा, वरून झाकण उघडून मान खाली घालून आत बघायचं, आत सगळं डावं-उजवं उलटं दिसतं. त्यात मीटर आहे, पण त्याला पाऱ्याची १.३५ व्होल्टची बॅटरी लागते आणि ती आता बनत नाही. म्हणजे उजेड मोजायला वेगळा हातातला मीटर आला. एका रोलमध्ये फोटो फक्त बारा, रोल हजाराच्या वर, धुवायला पुण्याला कुरियर. अंदाजाने काढायची हिंमत होत नाही.

तीन महिने मी मीटर निवडत होतो. लग्नाला मुलगी बघताना घेतला नव्हता एवढा वेळ घेतला (हे वाक्य घरी वाचलं जाणार आहे याची मला कल्पना आहे). रशियन लेनिनग्राड स्वस्त मिळतो, पण त्यातला सेलेनियमचा सेल म्हातारा झालेला असतो, काटा हलतो पण खरं बोलेलच असं नाही. जर्मन गॉसेन लुनासिक्स अंधारातही मोजतो म्हणे, पण त्याला परत तीच पाऱ्याची बॅटरी, म्हणजे आगीतून फुफाट्यात. एक अंशाचा स्पॉट मीटर घ्यावा तर त्या पैशात आणखी एक कॅमेरा येतो. फोनमध्ये फुकट ॲप आहे, ते मी आमच्या फिल्मवाल्यांच्या ग्रुपवर बोलून दाखवलं आणि पस्तावलो. आमच्या ग्रुपमध्ये एक सर आहेत. कसले सर ते कुणालाच माहीत नाही, पण सगळे सर म्हणतात. ते म्हणाले, "फोनने उजेड मोजणारा माणूस उद्या फोटोही फोननेच काढेल." त्यावर सात जणांनी अंगठे दिले. मी गपगुमान सेकोनिक एल-३९८ घेतला, सेकंडहँड. काट्याचा, वर पांढरा घुमट, बॅटरी नाहीच. घरी अडीच हजार सांगितलेत.

या मीटरला एक भानगड आहे. त्याच्याबरोबर पातळ पत्र्याची बारीक भोकांची पट्टी येते, हाय स्लाईड. उन्हात ती घुमटाच्या मागच्या फटीत घालायची, नाहीतर काटा थेट टोकाला जाऊन आपटतो. सावलीत काढायची, नाहीतर काटा जागचा हलत नाही. घाल, काढ, घाल, काढ. नख लागेल एवढीशी पट्टी, पण तिच्याशिवाय तो मीटर म्हणजे शोभेची वस्तू.

तर गेल्या रविवारी ग्रुपची सहल, संगम माहुली. सहाला पोवई नाक्यावर भेटायचं ठरलं होतं. सहाला मी एकटाच. बाकीचे पावणेसात, सव्वासात असे उगवले, मग एकाला पोहे खाल्ल्याशिवाय चालत नाही, मग दुसऱ्याला पाहुण्यांसाठी पेढे घ्यायचे होते. कोवळं ऊन, कोवळं ऊन म्हणत आम्ही साताऱ्यापासून पाच किलोमीटरवर पोचलो तेव्हा आठ वाजून गेलेले आणि ऊन चांगलं निबर झालेलं. त्यात सरांचा नियम, फोन गाडीच्या डिकीत. "आज फक्त फिल्म." हा नियम लक्षात ठेवा, पुढे माझा घात यानेच केला.

जागा मात्र भारी आहे, यात वाद नाही. कृष्णा आणि वेण्णेचा संगम, घाटाच्या रुंद पायऱ्या, विश्वेश्वराचं १७३५ च्या सुमाराचं काळ्या दगडाचं देऊळ. शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधीही इथेच, वाघापासून महाराजांना वाचवलं म्हणून. तिथे आमच्या निम्म्या ग्रुपने निम्मा रोल संपवला. सरांनी देवळासमोर लेक्चर चालू केलं, की मीटरला अक्कल नसते, समोरचं सगळं तो अठरा टक्के करडं धरतो, काळा दगड दाखवाल तर राखेसारखा काढेल आणि पांढरं धोतर दाखवाल तर मळकं, म्हणून वस्तूपाशी जाऊन घुमट कॅमेऱ्याकडे करा आणि पडणारा उजेड मोजा. बरोबर आहे, पण पंचवीस मिनिटं? मी हळूच घाटाच्या पायऱ्या उतरलो. तीन फोटो काढले. चौथ्यासाठी मान खाली घालून आत बघत होतो तेवढ्यात मागून आवाज आला.

"घावला का फॉल्ट?"

वळून बघतो तर धोतर, बंडी, टोपी, हातात पिशवी. आबा.

"कसला फॉल्ट?"

"न्हाय, लई वेळ डब्यात बघतायसा. रीडिंग घेताय न्हवं?"

मी म्हटलं, "हा कॅमेरा आहे आबा."

"आन् ह्यो?"

इथे मी चुकलो. मी म्हणायला हवं होतं, घड्याळ. शुगरचं मशीन. काहीही. मी म्हणालो, "हा लाईट मीटर."

आबांचा चेहरा असा खुलला, की पोर सैन्यातनं सुट्टीवर आल्यागत. "आलाच का शेवटी! तीन अर्ज दिले. मीटर पळतोय म्हनून घसा फोडला. दोन बलप, येक फॅन, टीव्ही गेल्या दिवाळीपास्नं बंद, आन् बिल अठराशे चाळीस! चला."

मी समजावलं. हा तो मीटर नाही, हा उन्हाचा उजेड मोजतो. आबांनी वर सूर्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"उन्हाचं बी बिल लावनार?"

"नाही ओ, उजेड किती आहे ते बघायला."

"दिसतोय की."

"किती आहे ते दिसत नाही ना."

"डोळं मिचकावं लागत्यात तवा लई हाय. न्हाय मिचकावं लागत तवा कमी हाय. ह्याला मीटर?" मग आवाज खाली आणून, "सायेब, मला येडं समजू नका. तुमी गुपचूप चेकिंगला आलाय. म्हनूनच साध्या कपड्यात हाय."

मी सरांकडे बघितलं. सर झोन सिस्टीमवर आले होते. ग्रुपमधल्या एकाही माणसाने मान वळवली नाही, आणि खरं सांगू, याचा राग मला आबांपेक्षा जास्त आलाय. खंड्याच्या समाधीपुढे गुडघे टेकणारी माणसं, समोर आपला जिवंत मेंबर कुणीतरी दंडाला धरून नेतोय तर "कँडिड, कँडिड" म्हणून एकाने माझाच फोटो काढला.

आबांचं घर गल्लीत तिसरं. मीटर बोळात, दारामागे, वर कोळिष्टकं. "घ्या रीडिंग." मी काय करू? मीटर पुढे धरला. काटा ढिम्म.

"बघा!" आबा ओरडले, "तुमच्या मीटरला आमचा मीटर दिसंना, मग तुमचं मानूस दर म्हयन्याला आकडं वाचतंय कशानं?" मुद्दा, तसा, बिनतोड होता.

काटा ढिम्म होता कारण पट्टी आतच राहिली होती. ती मी ओढून काढली आणि हात मोकळा हवा म्हणून, क्षणभर, आबांच्या तळहातावर ठेवली. आबांनी ती उजेडात धरून दोन्हीकडनं बघितली.

"फ्यूज?"

"हो, फ्यूज," मी म्हणालो. कंटाळा आला होता ओ, किती समजावणार.

मग फोटो. "मीटरचा फोटू काडा, पुरावा पायजे," असं आबांनी ऐकवलं. फोन डिकीत. दोनशेची फिल्म, भिंग पूर्ण उघडं म्हणजे एफ ३.५, शटर अर्धा सेकंद, कॅमेरा दाराच्या चौकटीला टेकवून, श्वास रोखून. बारातला चौथा फोटो आबांच्या मीटरचा. मग आजी आल्या, चहा आला, नातू आला, म्हैस बाहेर होती. उरलेले आठही तिथेच गेले. बाहेर उन्हात पट्टी हवी होती, मी हात पुढे केला, आबांनी मूठ मिटून पट्टी बंडीच्या आतल्या खिशात टाकली.

"बिल कमी करून आना, फ्यूज घिऊन जावा."

मला वाटलं चेष्टा. चेष्टा नव्हती. मग काय, स्वच्छ ऊन, एफ १६, फिल्म दोनशेची म्हणून शटर जवळचं अडीचशे, अंदाजपंचे दाहोदर्से. फिल्मच्या खोक्याच्या आत छापलेला हा नियम शंभरदा वाचलाय. तीन महिने निवडलेला मीटर तेव्हा गळ्यात लोंबत होता. परत आलो तर सर म्हणाले, "कुठे गेलेलास? मेन पॉइंट मिस केलास." सोमवारी सगळ्यांचे रोल एकत्र पुण्याला गेले, त्यात माझाही.

सुटी पट्टी कुठे मिळेना. तेव्हा काल, आबांचं बिल घेऊन, ऑफिसात. पावणेदोन तासांनी काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "मीटरचा फोटो लागेल, आकडे स्पष्ट दिसले पाहिजेत."

"काढलाय."

"दाखवा."

"पुण्याला गेलाय. धुवायला."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "मीटर?"

"फोटो."

"फोटो धुवायला?" मागच्या रांगेतलं कुणीतरी फिस्सकन हसलं. "पुढचे या," बाई म्हणाल्या.

रात्री आबांचा फोन. कामाचं विचारलं, मी आठवडा लागेल म्हटलं. म्हणाले, सावकाश होऊ द्या, फ्यूज जपून ठेवलाय, देव्हाऱ्यात, म्हातारी रोज हळदीकुंकू वाहती.

भोकं बुजली असणार. हळदीकुंकवाने किती स्टॉप उजेड कमी होतो, असं मी रात्रीच ग्रुपवर विचारलं. सरांनी उलट विचारलंय, "ओलं की कोरडं?"