गळाभेट नको, गॅसचा साठा दाखवा

दोन देशांचे पंतप्रधान एकमेकांना कडकडून भेटले की आपल्याकडे लगेच 'घनिष्ठ मैत्री'च्या पोस्टींचा पाऊस सुरू होतो. मला त्या गळाभेटींचं आता काही वाटत नाही. 'हिंदी-चिनी भाई-भाई'च्या घोषणा देणारी माणसं आपल्याच घरांत होती आणि 1962 सुद्धा त्यांनीच पाहिलं. दोन देशांची मैत्री कितपत खरी हे बघायचं तर मी वेगळे प्रश्न विचारतो. यांचा हिवाळ्याचा गॅस कुणाच्या जमिनीत साठवलेला असतो? विजेच्या तारा कुठून कुठे जातात? रात्री दोन वाजता सीमेजवळ कुणाला हार्ट अटॅक आला तर कुठल्या देशाची अँब्युलन्स निघते?

या परीक्षेत मला सगळ्यात जास्त आवडणारी जोडी म्हणजे एस्टोनिया आणि लात्विया.

बाल्टिक समुद्राकाठचे हे दोन देश. एकाची लोकसंख्या साधारण 13-14 लाख, दुसऱ्याची 18-19 लाखांच्या आसपास. म्हणजे दोन्ही मिळून 2011 च्या जनगणनेतलं पुणे शहर. पूर्वेला दोघांचाही शेजारी रशिया. लांबून बघणारे त्यांना जुळे भाऊ समजतात, पण तसं काही नाही. एस्टोनियन भाषा फिनिशच्या कुळातली आणि लात्वियन इंडो-युरोपीय, म्हणजे भाषेच्या नात्याने लात्वियन माणूस शेजारच्या एस्टोनियनपेक्षा आपल्याला जवळचा! एकमेकांशी बोलायचं तर जुन्या पिढीला रशियनचा आधार, नव्या पिढीला इंग्रजीचा. तेव्हा भाषा एक, संस्कृती एक म्हणून मैत्री, हा मुद्दा इथे निकालातच निघतो.

सुरुवातही काही गोड नव्हती. जून 1919 मध्ये सेसिसच्या लढाईत एस्टोनियन आणि लात्वियन सैनिक तिथल्या जर्मनांच्या 'लांडेसवेर' या फौजेविरुद्ध एका बाजूने लढले आणि जिंकले. लगेच पुढच्या वर्षी एका गावावरून दोघांचं बिनसलं. गाव रेल्वेच्या जंक्शनचं, त्यामुळे कुणीच सोडायला तयार नाही. शेवटी स्टीफन टॅलेंट्स नावाच्या ब्रिटिश कर्नलने लवाद म्हणून 1920 मध्ये गावातूनच रेघ ओढली. बराचसा भाग आणि स्टेशन एस्टोनियाला मिळालं, ते वाल्गा. उरलेली कड लात्वियाला, ती वाल्का. दोघेही नाराज. (लवादाची रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंची नाराजी, हे बेळगाव-निपाणीवाल्यांना मी काय सांगणार? महाजन आयोगाचा अहवाल 1967 चा, आणि आपण अजून कोर्टात.)

ते मात्र पुढे सरकले. 1 नोव्हेंबर 1923 ला दोघांनी संरक्षणाचा करार केला : एकावर हल्ला झाला तर दुसरा मदतीला धावेल. कागद उत्तम होता. मग 1939 उजाडलं. मॉस्कोने दोघांना एकत्र बोलावलंच नाही, एकेकाला गाठलं. 28 सप्टेंबरला एस्टोनियाने सोव्हिएत फौजांना तळ देण्याच्या करारावर सही केली, 5 ऑक्टोबरला लात्वियाने. कुणी कुणासाठी धावलं नाही. जून 1940 मध्ये दोन्ही देश गिळले गेले. आणि कडी म्हणजे, तेव्हाच्या निर्वाणीच्या इशाऱ्यात मॉस्कोने याच लष्करी मैत्रीचा 'सोव्हिएतविरोधी कट' म्हणून दाखला दिला. म्हणजे मदतीला कराराचा उपयोग शून्य, आणि आरोपपत्रात मात्र तो हजर!

आजच्या त्यांच्या सहकार्याची मुळं मला या आठवणीत दिसतात. 23 ऑगस्ट 1989 ची सोव्हिएत राजवटीविरुद्धची ती प्रसिद्ध मानवी साखळी, एस्टोनियाची राजधानी टॅलिनपासून लात्वियाची राजधानी रिगामार्गे तिसऱ्या बाल्टिक देशाच्या, लिथुआनियाच्या विल्नियसपर्यंत, 600 किलोमीटरहून लांब, जवळपास 20 लाख माणसं, तिच्याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. मला त्यानंतरच्या कंटाळवाण्या गोष्टींत जास्त रस आहे.

उदाहरणार्थ गॅस. रिगाजवळ इंचुकाल्न्स नावाच्या ठिकाणी जमिनीखाली सुमारे 700 मीटरवर सच्छिद्र वालुकाश्माचा थर आहे. उन्हाळ्यात त्यात गॅस भरायचा, थंडीत काढायचा. वापरता येण्याजोगी क्षमता दोन अब्ज घनमीटरच्या वर. एस्टोनियाकडे असा एकही साठा नाही. 2020 पासून दोन्ही देशांची आणि फिनलंडची गॅससाठी आपसातली वाहतूक-आकारणी रद्द झाली. उणे तापमानाच्या रात्री एस्टोनियातलं घर लात्वियाच्या जमिनीतल्या गॅसवर उबदार राहू शकतं. याच्यासमोर संयुक्त निवेदनं वगैरे मला फार फिकी वाटतात.

वीज तर त्याहून धाडसाची गोष्ट. स्वातंत्र्य मिळून तीस वर्षं उलटली तरी तिन्ही बाल्टिक देशांच्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी मॉस्कोतून सांभाळली जात होती. स्विच परक्याच्या हातात! 8 फेब्रुवारी 2025 ला तिघांनी रशियन ग्रिडची जोडणी तोडली आणि दुसऱ्या दिवशी पोलंडमार्गे युरोपच्या ग्रिडशी जोडून घेतलं. एकट्याने हे जमणारं नव्हतं, तिघांनी एकाच दिवशी उडी मारावी लागली. 1939 मध्ये नेमकं हेच झालं नव्हतं.

2023 मध्ये एस्टोनिया आणि लात्वियाने जर्मनीकडून आयरिस-टी ही विमानविरोधी क्षेपणास्त्र यंत्रणा एकत्र विकत घेतली. छोट्या देशाला मोठं हत्यार परवडत नाही, तेव्हा दोघांनी मिळून ऑर्डर दिली. आपल्याकडे दोन भाऊ मिळून ट्रॅक्टर घेतात तसंच.

आता भांडणं. तीही आहेत, आणि मला ती लपवायची नाहीत, कारण खरी गंमत तिथेच आहे. 1995 मध्ये रिगाच्या आखातात मासेमारीवरून दोघांत चांगलीच जुंपली, सागरी सीमेचा करार 1996 मध्ये झाला. मग दारू. 2017 च्या जुलैत एस्टोनियाने बिअरवरचा कर एकदम 70 टक्क्यांनी वाढवला. पूर्वी फिनलंडचे लोक स्वस्त दारूसाठी बोटीने टॅलिनला यायचे, आता एस्टोनियन लोक गाड्या काढून लात्वियाला निघाले. वाल्कासारख्या ठिकाणी सीमेला खेटून दुकानं उभी राहिली, डिकी भरभरून खोकी जाऊ लागली. एस्टोनियाच्या तिजोरीला भोक पडलं. शेवटी 1 जुलै 2019 ला त्यांनी कर 25 टक्के कमी केला. लात्विया गप्प बसला असेल? पुढच्याच महिन्यात त्यांनीही कडक दारूवरचा कर उतरवला! आणि एवढं सगळं चाललेलं असताना इंचुकाल्न्सचा कॉक कुणी बंद केला नाही, अँब्युलन्सचा करार कुणी फाडला नाही. (हो, सीमाभागात जवळची गाडी दुसऱ्या देशाची असेल तर ती जावी, असा करार दोन सरकारांमध्ये आहे.)

वाल्गा-वाल्कातली सीमाचौकी डिसेंबर 2007 मध्ये शेंगेनमुळे (सीमेवर तपासणी न करण्याचा युरोपीय देशांचा करार) गेली. मार्च 2020 मध्ये कोरोनात तिथे पुन्हा अडथळे लागले, एकाच गावातले लोक दोन बाजूंना अडकले. पण 15 मे 2020 ला, युरोपचे बाकीचे देश दारं लावून बसलेले असताना, तीन बाल्टिक देशांनी आपसातली दारं उघडली.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे : ही मैत्री कसली, ही तर रशियाची भीती आणि युरोपियन युनियनचा पैसा. भीती आहेच. ब्रुसेल्सचं छप्पर नसतं तर यातलं बरंच उभं राहिलं नसतं, हेही खरं. पण भीती 1939 मध्येही होती, आणि तिने दोघांना एकत्र आणलं नाही, एकटं पाडलं. तीच भीती आज वेगळं काम करते, कारण मधल्या काळात कुणीतरी बसून पाइपलाइनचे दर, ग्रिडचं वेळापत्रक आणि हत्यारांची ऑर्डर या नीरस गोष्टी ठरवल्या. स्वार्थ आहे म्हणून मैत्री खोटी, असं म्हणणाऱ्यांनी निःस्वार्थ मैत्री असलेले दोन देश मला दाखवावेत.

सध्या दोघांची कुरबुर रेल बाल्टिकावरून चालू आहे. रशियन रुंदीच्या 1520 मिलिमीटर रुळांऐवजी युरोपच्या 1435 मिलिमीटर मापाचा, सुमारे 870 किलोमीटरचा नवा मार्ग टॅलिनहून रिगामार्गे पोलंडच्या सीमेपर्यंत न्यायचा आहे. खर्च अवाच्या सवा फुगलाय, रिगा शहरातल्या बांधकामाने लात्वियाची दमछाक केलीय, आणि टॅलिनमधून अधूनमधून टोमणे येत असतात. मुदत 2030 ची आहे. माझा अंदाज विचाराल तर ती हुकेल, दोघंही एकमेकांवर खापर फोडतील, आणि रूळ तरीही टाकले जातील.