‘दहा पुरुष नसतील तर सिनेगॉगला कुलूप’: फिरत्या मजकुरातले मुद्दे एकेक करून

महाराष्ट्रातल्या ज्यूंविषयी एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: बेने इस्रायल, म्हणजे इथले मराठी बोलणारे ज्यू, सगळे इस्रायलला गेले, सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, दहा पुरुष जमले नाहीत की प्रार्थना होत नाही, बायकांना माडीवर बसवतात, किद्दूशला (पेला हातात घेऊन म्हणायच्या आशीर्वादाला) दारू प्यावीच लागते, बहिरे, अंध, चाकाच्या खुर्चीवरचे यांना धर्मशास्त्र मोजतच नाही, आणि बाहेरच्याला आत सोडत नाहीत. यातल्या काही वाक्यांत अर्धं सत्य आहे, म्हणून तो पटतो. नुकसान होतं ते गुडघे धरलेल्या आजीचं आणि कमी ऐकू येणाऱ्या तरुणाचं. आपल्याला तिथे जागा नाही असं समजून ते घरीच बसतात.

‘सगळे गेले.’ बहुतेक गेले, हे खरं. २०११च्या जनगणनेत देशभरातले सर्व ज्यू मिळून ४,६५० होते आणि त्यातले निम्म्याहून अधिक महाराष्ट्रातले. राज्य सरकारने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, तो इथे राहणाऱ्या माणसांसाठीच. ठाण्याचं शार हशामाइम सिनेगॉग १८७९चं आहे आणि त्याच्याभोवती आजही मोठी वस्ती आहे.

‘बाहेरच्याला प्रवेश नाही.’ नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईतल्या नरिमन हाऊस या ज्यू केंद्रावर हल्ला झाला. तेव्हापासून सिनेगॉगांच्या दारावर पोलीस असतात आणि ओळखपत्र मागतात. आधी विचारून जावं, पुरुषांनी डोकं झाकावं, शब्बाथला (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ, विश्रांतीचा दिवस) फोन आणि कॅमेरा बाहेर काढू नये. हेखालचं, म्हणजे तोराच्या गुंडाळ्या ठेवायच्या कपाटाचं, दार उघडलं की सगळे उभे राहतात, पाहुण्यानेही उभं राहावं. एवढं पाळलं तर अडचण येत नाही.

‘दहा नाहीत तर प्रार्थना नाही.’ इथे गल्लत मोठी आहे. मिन्यान, म्हणजे तेरा वर्षांवरचे दहा पुरुष, लागतो तो ठरावीक भागांसाठी: कद्दिश (मृतांसाठीही म्हणतात ती प्रार्थना), केदुशा आणि बारेखू ही सगळ्यांनी मिळून म्हणायची वचनं, आणि सेफेर तोराचं, म्हणजे तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळीचं, जाहीर वाचन. शेमा (देव एकच आहे ही कबुली), तेहिलीम (स्तोत्रं), हळू आवाजात म्हणायची अमिदा ही मुख्य प्रार्थना हे सगळं एकट्यालाही म्हणता येतं. शुल्हान आरुख या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथात आणखी एक सोय आहे. दहा जणांनी एखादा भाग सुरू केला आणि मधेच काही उठून गेले, तरी सहा उरले असतील तर तो भाग पुरा करता येतो.

मिन्यान हुकतो तो बहुतेकदा लोक वेगवेगळ्या वेळी येतात म्हणून. साडेआठला सहा, नऊला चार, तोवर पहिले दोघे कामाला निघालेले. उपाय साधा आहे. फोन करण्याची जबाबदारी एकाच माणसाकडे द्यावी, त्याने गुरुवारीच तेरा-चौदा जणांना विचारावं. दहा जणांना सांगून दहा कधीच येत नाहीत. एकट्याने म्हणायचे भाग आधी घ्यावेत. ज्याच्या घरी मृत्यू झाला आहे त्याचा कद्दिश दहावा माणूस येईपर्यंत थांबवावा. त्याला कद्दिशशिवाय परत पाठवणं फार जिव्हारी लागतं, आणि असा माणूस पुढच्या आठवड्यात येत नाही.

‘बायकांना माडीवर.’ जुन्या इमारतींत माडी आहे, आणि इथल्या परंपरानिष्ठ सिनेगॉगांत बायका मिन्यानमध्ये धरल्या जात नाहीत, हेही खरं. पण मुंबईतच १९२५ मध्ये डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने उदारमतवादी ज्यूइश रिलिजस युनियन उभी राहिली, हे मजकुरात नाही. परंपरानिष्ठ ठिकाणीसुद्धा माडीच हवी असा नियम नाही. हवा तो बायका-पुरुषांच्या मधला पडदा. धर्मपंडित राव (रब्बी) मोशे फाइनस्टाइन यांनी त्याची उंची १८ तेफाख (मुठी) सांगितली आहे, म्हणजे खांद्यापर्यंत, अंदाजे पाच फूट. तळमजल्यावर बाजूच्या चार बाकांपुढे एवढा पडदा लावला की जिना चढू न शकणाऱ्या बायका खाली बसू शकतात. तो अगदी मागच्या भिंतीशी लावू नये, तिथे हझानचा, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याचा, आवाज पोचत नाही.

‘दारू प्यावी लागते.’ बेने इस्रायलांच्या घरी किद्दूश पिढ्यान्‌पिढ्या काळ्या मनुकांच्या शरबतावर होतो. पावशेर मनुका लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, कुस्करायच्या, गाळायच्या. मनुका पाण्याच्या एक षष्ठांशाहून जास्त हव्यात; पाणी वाढवलं तर त्यावर द्राक्षरसाचा आशीर्वाद चालत नाही. मधुमेह्याने न पिता नुसतं ऐकून आमेन म्हटलं तरी पुरतं.

आता सगळ्यात दुखरा दावा: अपंगांना मोजत नाहीत. चाकाच्या खुर्चीवरचा पुरुष मिन्यानमध्ये धरला जातो, आणि ज्याला उभं राहणं शक्य नाही त्याला बसून प्रार्थनेची मुभा आहे. काठीशिवाय चालता येत नसेल तर शब्बाथला काठी चालते. अंध माणूसही मोजला जातो. त्याला तोरावाचनाला बोलवावं का, यावर मात्र जुना मतभेद आहे: शुल्हान आरुख नाही म्हणतो, त्यावर टीपा लिहिणारे पंडित रेमा हो म्हणतात. बहिऱ्यांबद्दलचा तालमूद या प्राचीन धर्मचर्चेच्या ग्रंथातला कडक नियम न ऐकणाऱ्या आणि न बोलणाऱ्यासाठी होता. ऐकू येत नाही पण बोलतो, अशा माणसाला तालमूदच पूर्ण सक्षम मानतो. खुणांच्या भाषेला अमेरिकेतल्या कन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या विधिसमितीने २०११ मध्ये मान्यता दिली. सगळे पंथ ते मानत नाहीत.

म्हणजे शास्त्रात वाट आहे. अडतं ते पायरीपाशी. दोन पायऱ्या म्हणजे फूटभर उंची; तिला बारा फूट लांब आणि तीन फूट रुंद उतार लागतो. चार फुटी फळी टाकली तर खुर्ची मागे उलटते. तेबाला, म्हणजे जिथून तोरा वाचतात त्या चौथऱ्याला, पायऱ्या असतील तर खुर्चीसकट माणसाला उचलू नये, त्यात त्याची मान खाली जाते. सेफेर तोराच खाली भक्कम टेबलावर आणावी आणि तिथून वाचावं.

श्रवणयंत्र शुक्रवारी सूर्यास्ताआधी नवा सेल घालून लावावं आणि चालूच ठेवावं. परंपरानिष्ठ सिनेगॉगात शब्बाथला माइक नसतो, म्हणून अशा माणसाची जागा तेबाजवळ हवी, हझानचे ओठ दिसतील अशी. पंख्याखाली नको, यंत्र पंख्याचीच घरघर मोठी करतं. पान कुठलं चाललंय हे कळायला पुठ्ठ्यावर मोठे आकडे हवेत, आणि ते शुक्रवारीच लिहून ठेवावेत, कारण शब्बाथला लिहिता येत नाही. पान बदललं की शमाशने, म्हणजे सिनेगॉगच्या सेवकाने, पुठ्ठा बदलायचा.