रडणं थांबलं, पण जाग येणं थांबलं का?

नव्या आईबाबांच्या फोनवर एक मजकूर सतत फिरतोय. सहा महिन्यांचं बाळ रात्रभर सलग झोपलंच पाहिजे. झोपत नसेल, तर आईने सारखं जवळ घेऊन त्याला हाताची सवय लावली. दार लावून रडू द्या, तीन रात्रींत ते आपलं आपण शांत व्हायला शिकेल. आणि हे वेळेत केलं नाही, तर मेंदूची वाढ नीट होणार नाही. रात्री तीन वाजता बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारणारी बाई हे वाचते आणि स्वतःलाच दोष देत बसते, याची मला मनापासून चीड येते. म्हणून एकेक मुद्दा तपासू.

सहा महिन्यांत सलग झोप? कॅनडातल्या मारी-एलेन पेनेस्ट्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली जवळपास चारशे बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सहा महिन्यांच्या बाळांपैकी ३८ टक्के बाळं सलग सहा तासही झोपत नव्हती. आठ तासांचा निकष लावला, तर ५७ टक्के. वर्षाची झाल्यावरही २८ टक्के बाळं सहा तासांच्या आतच उठत होती. इतक्या मोठ्या संख्येने बाळं जे करतात, त्याला बिघाड कसं म्हणायचं?

मेंदूच्या वाढीची भीतीही याच अभ्यासात टिकत नाही. सलग न झोपणं आणि बाळाचा मानसिक किंवा शारीरिक विकास, यांत संबंध आढळला नाही. घाबरवण्यापलीकडे त्या वाक्याला काही आधार नाही.

आता ‘हाताची सवय’. जन्मतः बाळाला दिवस-रात्र कळत नाही. शरीराचं घड्याळ साधारण दोन-तीन महिन्यांत लागायला सुरुवात होते. झोपेचं एक आवर्तनही लहान असतं, पन्नास-साठ मिनिटांचं. मोठ्यांचं सुमारे नव्वद मिनिटांचं. म्हणजे मधे मधे झोपेतून वर येण्याच्या जागाच जास्त. कुणी उचललं किंवा नाही उचललं, तरी बाळ त्या जागांवर हलणारच.

मेरी एन्सवर्थ आणि सिल्व्हिया बेल या मानसशास्त्रज्ञांनी बाल्टिमोरमध्ये २६ आई-बाळांच्या जोड्या वर्षभर घरी जाऊन पाहिल्या. सुरुवातीच्या महिन्यांत ज्यांच्या रडण्याला लवकर प्रतिसाद मिळाला, ती बाळं वर्षाच्या शेवटी कमी रडत होती, असं त्यांनी १९७२ साली मांडलं. अभ्यास छोटा होता, पुढे त्यावर वादही झाले. पण ‘उचललं की बाळ डोक्यावर बसतं’ हे म्हणणाऱ्यांकडे काय पुरावा आहे, हेही विचारायला हवं.

राहिला तीन रात्रींचा दावा. रडणं कमी होतं, हे अनेक घरांत खरं ठरतं. पण कॅनडातच २३५ कुटुंबांवर झालेल्या, २०१५ साली छापून आलेल्या चाचणीत बाळांच्या हालचाली टिपणारं यंत्र वापरलं होतं. आईबाबांच्या नोंदींत जागरणं कमी झालेली दिसली. यंत्राच्या नोंदींत मात्र आपलं आपण झोपायला शिकवलेली बाळं आणि न शिकवलेली बाळं, या दोन गटांत तसा फरक दिसला नाही. बाळं उठतच होती, हाक मारत नव्हती.

स्लीप ट्रेनिंगने, म्हणजे बाळाला असं आपलं आपण झोपायला शिकवण्याने, त्याचं कायमचं नुकसान होतं, असंही मी म्हणणार नाही. ऑस्ट्रेलियातल्या ३२६ मुलांच्या चाचणीतल्या २२५ मुलांची ती सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा पाहणी झाली, त्यात तोटा आढळला नाही. पण टिकून राहिलेला फायदाही आढळला नाही! ज्यांनी अगदी थकून तो मार्ग निवडला, त्यांना दोष देण्याचं कारण नाही. पण तो सक्तीचा आहे, असं सांगण्याचंही नाही.

मग करायचं काय? आधी थोडं बघा. नवजात बाळाची जवळपास निम्मी झोप चुळबुळीची असते: पापण्यांखाली बुबुळं फिरतात, ओठ चोखल्यासारखे हलतात, एखादा हात उडतो, कण्हल्यासारखा आवाज येतो. ते अजून झोपलेलंच असतं. क्षणभर थांबलात, तर पुष्कळदा ते परत शांत होतं. घाईने उचललं, तर आपणच जागं करतो. खरंच रडू लागलं, तर मात्र जा. छातीवर हात ठेवा, थोपटा, भूक असेल तर पाजा. सकाळी उजेड, रात्री मिणमिणता दिवा, झोपण्याआधी रोज तोच क्रम, एवढ्याने फरक पडू लागतो. रात्रीचं दूध कमी करायचं असेल, तर बाळ पुरेसं मोठं झाल्यावर, हळूहळू. आणि रात्रीची एक पाळी बाबांनी घ्यावी. आईला सलग चार तास मिळाले, तरी तिचा दुसरा दिवस सुसह्य होतो.

जवळ असणं म्हणजे कुठेही झोपणं नव्हे. बाळाला पाठीवर, कडक आणि सपाट गादीवर, निदान पहिले सहा महिने आपल्याच खोलीत पण वेगळ्या जागी झोपवावं, अशी अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सची शिफारस आहे. पाजताना डुलकी लागेल असं वाटत असेल, तर सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत मुळीच बसू नका. तिथे धोका सर्वात जास्त असतो. रडणं असह्य होऊन स्वतःचा तोल जातोय असं वाटलं, तर बाळाला सुरक्षित जागी पाठीवर ठेवून पाच मिनिटं बाहेर जा, कुणाला तरी हाक मारा. घोरणं, झोपेत श्वास अडखळणं, वजन न वाढणं, यांपैकी काही दिसलं, तर झोपेच्या युक्त्या बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा.