त्याला काय लक्षात राहणार आहे?

थोरली पावणेतीन वर्षांची असताना आम्ही तिला घेऊन पहिल्यांदा समुद्रावर निघालो. तेव्हा घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी विचारलं होतं, "एवढा खटाटोप करून नेताय खरं, पण तिच्या काय लक्षात राहणार आहे?" प्रश्न बायकोला होता, उत्तर मी दिलं, तेही मोठ्या ऐटीत. "लक्षात कशाला राहायला हवं? अनुभव मिळतो ना!" त्या उत्तराची आज लाज वाटते. कारण त्यानंतर तिसऱ्याच दिवशी त्या अनुभव मिळणाऱ्या मुलीवर मी समुद्रासमोर उभा राहून ओरडत होतो.

झालं असं की सूर्योदय दाखवायचा म्हणून तिला पहाटे पाचला उठवलं. अर्धवट झोपेत, गार वाऱ्यात, खांद्यावर टाकून चालत नेलं. सूर्य वेळेवर उगवला. ती मात्र त्याच्याकडे पाठ करून बसली आणि कुठलंसं बाटलीचं झाकण सापडलं होतं त्यात वाळू भरू लागली. भरायची, ओतायची, परत भरायची. मी म्हटलं, बघ बघ, सूर्य बघ. तिने बघितला. "हो," म्हणाली. आणि परत झाकण. मी तिला उचललं आणि तोंड सूर्याकडे करून उभं केलं. ती भोकाड पसरून रडायला लागली. मग मी जे बोललो ते इथे लिहितोय, कारण ते फक्त माझ्याच तोंडून निघालं असेल असं मला वाटत नाही: "एवढं सगळं तुझ्यासाठी केलं, आणि तू रडतेस?"

तुझ्यासाठी. तिने सांगितलं होतं का? तिला समुद्र म्हणजे काय हे ठाऊकही नव्हतं. तिकिटं मी काढली, सुट्टी मी टाकली, पाचचा गजर मी लावला. आणि बिल तिच्या नावावर फाडलं.

आज ती नऊ वर्षांची आहे, धाकटा सहाचा. मधल्या काळात आम्ही बरेच हिंडलो, आणि माझं मत आता पक्कं झालंय. लहान मुलांना घेऊन केलेला प्रवास आईबापांसाठी असतो. यात वाईट काही नाही, वाईट आहे ते कबूल न करणं.

आधी त्या वडीलधाऱ्या बाईंच्या प्रश्नाकडे येतो, कारण तो मी तेव्हा उडवून लावला तरी प्रश्न चोख होता. मोठ्या माणसांना त्यांची सर्वांत जुनी आठवण विचारली, तर ती सरासरी तीन-साडेतीन वर्षांच्या वयातली निघते. त्याआधीचं जवळजवळ सगळं पुसलेलं असतं. पण मुलांना त्या वयात काही लक्षातच राहत नाही, असं मात्र नाही. पॅट्रिशिया बाउर आणि मरीना लार्किना या संशोधकांचा २०१४ चा अभ्यास आहे. त्यांनी तीन वर्षांच्या मुलांना त्यांच्या आयांबरोबर नुकत्याच घडलेल्या घटनांबद्दल बोलतं केलं आणि त्या गप्पा नोंदवून ठेवल्या. मग काही वर्षांनी मुलांना त्याच घटना पुन्हा विचारल्या. पाच ते सात वर्षांच्या मुलांना ६३ ते ७२ टक्के घटना आठवत होत्या. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना जेमतेम ३५ टक्के. म्हणजे आठवण तयार होते, काही वर्षं टिकतेही, आणि साधारण सातव्या वर्षानंतर झरझर ओसरते. हे असं का होतं, याचा एक अंदाज मेंदूशी जोडलेला आहे. आठवणी जिथे साठतात त्या भागात लहानपणी नव्या पेशी भराभर तयार होतात आणि त्या गडबडीत जुन्या जोडण्या मोडतात. यावरचे प्रयोग मुख्यतः उंदरांवर झालेले आहेत, त्यामुळे माणसाबद्दल मी छाती ठोकून बोलणार नाही.

पण हे वाचल्यावर मला मोकळं वाटलं. ती हे विसरणार आहे, नक्की. मग त्या तीन दिवसांतून तिच्या पदरात 'काहीतरी पडलंच पाहिजे' हा जो माझा हट्ट होता, त्याला अर्थच उरला नाही. मी गेलो कारण मला समुद्र बघायचा होता आणि तिला सोडून जायचं नव्हतं. एवढंच कारण होतं, आणि ते पुरेसं होतं.

एकदा हे मान्य केलं की सगळा हिशोब फिरतो. आपण आपल्या हौसेसाठी एका माणसाला त्याच्या अंथरुणातून, त्याच्या वाटीचमच्यातून, त्याच्या झोपेच्या वेळेतून उचलून घेऊन आलोय. तो इथे पाहुणा आहे, आपण यजमान. पाहुण्याने कंटाळा केला तर आपण त्याच्यावर खेकसतो का?

झोपेचंच बघा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एक-दोन वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून ११ ते १४ तास, तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप हवी, असं त्यात आहे. आता तुमच्या सहलीचा कागद काढा. सकाळी सहाला गाडी, मग हे ठिकाण, मग ते, संध्याकाळी तिसरं, रात्री दहाला मुक्काम. यात तेरा तास कुठे बसतात? बसत नाहीत. मग संध्याकाळच्या ठिकाणी मूल आडवं पडून हातपाय झाडतं आणि आपण म्हणतो, याचे लाड फार झालेत. लाड कसले! त्याला झोप आलीय.

आणि त्याला दिसतं तरी काय? तीन वर्षांच्या मुलाची उंची साधारण ९५ सेंटीमीटर, म्हणजे डोळे जमिनीपासून जेमतेम दोन हात वर. एकदा गर्दीच्या रांगेत मी गुडघ्यांवर बसून बघितलं. (लोकांना वाटलं काहीतरी पडलंय, दोघं-तिघं शोधायलाही लागले.) मला दिसलं ते असं: पाठी, पिशव्या, पट्ट्याचे बक्कल, चपला. चाळीस मिनिटं आम्ही ज्या भव्य गोष्टीसाठी उभे होतो ती तिथून दिसतच नव्हती. मुंग्या मात्र स्वच्छ दिसत होत्या. माझ्या मुलाने पुढची दहा मिनिटं मुंग्या पाहिल्या आणि मीही. चांगल्या होत्या.

शरीराच्या तक्रारींचं तसंच. विमान उतरताना बाळं रडतात तेव्हा आजूबाजूचे लोक ज्या नजरेने बघतात ती ज्याने झेलली त्यालाच कळते. बाळ बिघडलेलं नसतं, त्याचे कान दुखत असतात. कानाच्या आतली पोकळी घशाशी जोडणारी नळी लहान मुलांत अरुंद आणि जास्त आडवी असते, त्यामुळे बाहेरचा दाब बदलला की आतला दाब पटकन जुळत नाही. गिळलं की ती नळी उघडते. म्हणून दूध पाजायचं ते विमान उतरायला लागल्यावर, चाकं टेकायच्या बरंच आधी. आम्हाला हे दुसऱ्या मुलाच्या वेळी समजलं. थोरलीच्या वेळी आम्ही तिला दटावत होतो, "शू, सगळे बघतायत." तिच्या कानात कळ, आणि आम्हाला फिकीर लोकांची.

गाडी लागण्याचा प्रकार तर दोन वर्षांच्या आत फारसा होत नाही, त्यानंतर सुरू होतो. कान सांगतो आपण हलतोय, समोरच्या सीटची पाठ बघणारे डोळे सांगतात आपण स्थिर आहोत, आणि मेंदू या भांडणात पोटाला ओढतो. त्यात हातात मोबाईल दिला की डोळे आणखी स्थिर. गप्प बसावा म्हणून धाकट्याच्या हातात मोबाईल दिला तो मीच, आणि वळणाच्या रस्त्यावर विसाव्या मिनिटाला माझा शर्ट भिजला. लांबचं बाहेरचं बघायला लावा, थोडं थांबा, वारा घेऊ द्या. वाईट शर्ट घाला.

एका बाबतीत मात्र मी भांडतो. गाडीत मूल मांडीवर घेऊन "घट्ट धरलंय की" म्हणणाऱ्या प्रत्येकाशी. ताशी ५० किलोमीटरने चाललेली गाडी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर दहा किलोचं मूल सुमारे १४० किलोच्या ओढीने पुढे फेकलं जातं. गणित शाळेतलं आहे, करून बघा. कुठल्या आईबापाच्या हातात एवढं बळ आहे? त्यासाठी गाडीच्या सीटवर बांधायची, पट्ट्यांची लहान मुलांची खुर्ची मिळते. "तो त्या खुर्चीत बसतच नाही हो, रडतो," असं सांगतात. रडू दे. वाळूचं झाकण त्याच्या मर्जीवर सोडा, हे सोडू नका. गाडीत बसायचं त्याने ठरवलेलं नाही, तुम्ही ठरवलंय. त्यामुळे जिवाची जबाबदारी पूर्ण तुमची.

आता अवघड भाग. "आईबापांसाठी" असं मी वर दणक्यात लिहून गेलो. हे वाक्य मी पहिल्यांदा बायकोला ऐकवलं तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती. परत आल्यानंतरच्या ढिगाच्या. वर न बघता म्हणाली, "बापासाठी असेल. तू फिरायला आला होतास. मी घर बरोबर घेऊन आले होते."

मी वाद घातला. बॅगा मी उचलल्या, गाडी मी चालवली, रांगेत मी उभा राहिलो. ती म्हणाली, बरं, धाकट्याचं तापाचं औषध कुठल्या कप्प्यात होतं? जादा चड्ड्या किती घेतल्या होत्या? थोरली नवीन जागी कुठल्या पांघरुणाशिवाय झोपत नाही? मला तिन्ही उत्तरं आली नाहीत. माझी बॅग मी भरत होतो, बाकी तिघांची ती. मी उचलत होतो ते वजन काट्यावर दिसणारं होतं. सतत लक्षात ठेवण्याचं जे ओझं तिच्या डोक्यात होतं, ते विमानतळावरच्या काट्यावर कोण मोजणार?

पुढच्या वेळेपासून मुलांच्या बॅगा माझ्याकडे आल्या. पहिल्याच खेपेला मी पांघरूण विसरलो. ती रात्र कशी गेली ते आम्हा दोघांना, म्हणजे मला आणि थोरलीला, माहीत. बायको शेजारच्या खाटेवर पाठ करून झोपली होती. झोपली नसावी, पण उठली नाही. याबद्दल मी तिचा आजही ऋणी आहे.

आता दोन्ही बाजूंचे लोक येतील. एक म्हणतील, एवढं सगळं आहे तर मुलं मोठी होईपर्यंत घरी बसा. का म्हणून? मुलं व्हायच्या आधीची मी आणि बायको ही माणसं अजून जिवंत आहेत, त्यांनाही श्वास घ्यायचाय. शिवाय सगळ्यांनाच घरी ठेवायला आजी-आजोबा, मावशी, काकू असतातच असं नाही. दुसरे म्हणतील, प्रवासाने मुलं घडतात, धीट होतात, जगाची ओळख होते. होत असतील. पण या बोलण्यामागे मला नेहमी तो पाचचा गजर ऐकू येतो. घडवायला निघालेला बाप सूर्याकडे तोंड करून उभं करतो. घडवणं-बिडवणं सोडून दिल्यावर आम्ही दिवसाला एकच ठिकाण ठरवायला लागलो, दुपारी खोलीवर परत यायला लागलो, आणि दुपारच्या त्या दोन तासांत मी कित्येक वर्षांनी पुस्तक वाचायला लागलो. जेवढं बघायचं राहिलं ते राहिलं. ते तिथेच आहे, पळून जात नाही.

फोटोंबद्दल फार बोलत नाही, मीही टाकतो. फक्त एक करून बघा: हसरा फोटो टाकायच्या आधी तो काढायला किती मिनिटं लागली ते मनात म्हणा.

परत आल्यावरचं मात्र मला महत्त्वाचं वाटतं. बाउर यांच्या त्याच अभ्यासात असं दिसलं की ज्या आया मुलाला "मग काय झालं?", "अजून सांग ना" असं विचारत, तो जिकडे नेईल तिकडे गोष्ट जाऊ देत, त्यांच्या मुलांच्या आठवणी जास्त भरलेल्या निघाल्या. आम्ही आधी नेमकं उलटं करायचो. पाहुणे आले की परीक्षा. "सांग बरं काकांना, आपण काय काय पाहिलं?" मूल गप्प. मग आपणच यादी म्हणायची आणि त्याने मान हलवायची. आता रात्री दिवा मालवल्यावर मी नुसतं "मग?" म्हणतो. जे बाहेर येतं त्यात ठिकाणं नसतातच. खोलीतल्या नळाचा आवाज असतो, कुणाचं तरी कुत्रं असतं, मी रस्ता चुकलो आणि कबूल केलं नाही हे असतं. (हे दरवेळी असतं.)

यातही एक गंमत आहे. आठवणी गप्पांतून टिकतात तशा गप्पांतून तयारही होतात. १९९५ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी २४ मोठ्या माणसांना त्यांच्या लहानपणच्या चार हकिगती वाचायला दिल्या. तीन खऱ्या, घरच्यांकडून मिळवलेल्या, आणि एक बनावट, की तुम्ही लहानपणी बाजारात हरवला होतात. साधारण चौथ्या हिश्शाच्या लोकांना ती न घडलेली गोष्ट पूर्ण किंवा अर्धवट 'आठवली'.

हे वाचल्यापासून घरात चाललेल्या एका खटल्याकडे मी वेगळ्या नजरेने बघतो. वळणाच्या रस्त्यावर माझ्या शर्टावर ओकला तो धाकटा. तो तेव्हा चार वर्षांचा होता, मी तिथे होतो, शर्ट माझ्या अंगावर होता. पण ही गोष्ट आमच्याकडे इतक्यांदा सांगून झालीय, आणि दरवेळी तिला इतकं हसू मिळतं, की गेल्या वर्षभरात थोरलीने ती स्वतःच्या नावावर करून घेतलीय. तिला सगळं आठवतं. खिडकी कुठल्या बाजूला होती, मी कुठला शब्द उच्चारला (तो बरोबर आठवतोय), पुढे कुठे थांबून शर्ट धुतला. धाकटा चिडून लाल होतो. "मी ओकलो होतो! बाबा, सांग ना हिला!" ती थंडपणे म्हणते, "तू लहान होतास, तुझ्या काय लक्षात राहणार आहे?"

परवा दोघंही निकाल मागायला आले. मी म्हटलं, माझ्या नीट लक्षात नाही.