रेड, ट्रॅप आणि आमची पतसंस्था

सांगलीच्या गणपती पेठेतील एका पतसंस्थेत मी हिशेबनीस आहे. संगणक चालू-बंद करण्यापलीकडे माझे ज्ञान नसतानाही, सर्व्हरची खोली माझ्या टेबलामागे आहे एवढ्याच कारणावरून, नव्या स्टोरेजची देखरेख संचालक मंडळाने ठराव करून माझ्या गळ्यात घातली.

एका सोमवारी, काउंटरवर गर्दी असताना, इंजिनिअरचा फोन आला आणि हातात पासबुके असल्यामुळे मी तो स्पीकरवर घेतला. "काका, रात्री दोन ट्रॅप आलेत, आणि तुमची रेड पण डिग्रेड झालीय."

पतसंस्थेच्या वातावरणात 'ट्रॅप' म्हणजे लाचलुचपतवाल्यांचा सापळा आणि 'रेड' म्हणजे प्राप्तिकराची धाड, याखेरीज तिसरा अर्थ कोणालाही ठाऊक नसतो. बाकावरचे ठेवीदार एकदम गप्प झाले, रोखपालाने कारण नसताना ड्रॉवरला कुलूप लावले, आणि रांगेतल्या एका आजींनी पदराखालून मुदत ठेवीची पावती काढून ती आजच्या आज मोडून मागितली. आमचे अध्यक्ष अण्णा केबिनच्या दारात येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "कुणाला धरलं?"

धरले कोणालाच नव्हते. पाचांपैकी एक डिस्क गेली होती. रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून माहिती जपण्याची पद्धत, आणि तिच्या 'रेड पाच' या प्रकारात माहितीचे तुकडे सर्व डिस्कांवर पसरलेले असतात आणि त्यांच्यासोबत पॅरिटी नावाचा ताळा मांडलेला असतो. एक डिस्क गेली तर उरलेल्यांवरून तिचा मजकूर पुन्हा काढता येतो, दुसरी गेली तर मात्र रामनाम. १९८८ मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी रेड (RAID) हे नाव रूढ केले तेव्हा त्यातल्या 'आय'चा अर्थ 'स्वस्त' असा होता, पुढे तो 'स्वतंत्र' असा झाला. आमच्याकडे आलेले कोटेशन पाहता हा बदल प्रामाणिकपणाचाच म्हणावा लागेल.

ट्रॅपची उकल मला आमच्या पिग्मी एजंटांमुळे झाली. नेटवर्क व्यवस्थापनात प्रत्येक यंत्रात एजंट नावाचा एक छोटा प्रोग्रॅम बसलेला असतो, देखरेख करणारा मॅनेजर प्रोग्रॅम त्याला ठरावीक वेळाने "काय चाललंय?" असे विचारतो आणि एजंट आकडे सांगतो. परंतु काही बिघडले की न विचारता एजंट स्वतःहून जी बोंब ठोकतो, तिला ट्रॅप म्हणतात. ही बोंब मॅनेजरपर्यंत पोहोचल्याची पोच एजंटाला मिळत नाही, हे ऐकून मी अस्वस्थ झालो. आमच्याकडे चहाच्या बिलालाही पोच लागते.

अण्णांचे समाधान मात्र होईना. त्यांचे घराणे हळदीच्या व्यापारातले, म्हणून मी हरिपूरच्या पेवांचा आधार घेतला. जमिनीखालच्या त्या पेवांत हळद ठेवली की ती कोणाची हे नोंदीवरून कळायचे. त्याचप्रमाणे या स्टोरेजच्या कपाटातील जागेचे भाग करून प्रत्येकाला लन नावाचा क्रमांक देतात आणि कोणत्या सर्व्हरला कोणता लन दिसावा हे ठरवून ठेवतात. अण्णांनी मान डोलावली आणि विचारले, "म्हणजे माल सुरक्षित. मग बॅकअपचा खर्च कशाला?"

"अण्णा, २००५ च्या पुरात त्या पेवांत पाणी शिरलं तेव्हा एकच पेव भिजलं होतं का?"

त्यावर अण्णा बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले आणि मग त्यांनी बॅकअपच्या कोटेशनवर, रक्कम न वाचता, सही केली. माझ्या कारकिर्दीत असे प्रथमच घडले.

संध्याकाळी नवी डिस्क आली. रिबिल्ड, म्हणजे गेलेल्या डिस्कचा मजकूर नवीवर पुन्हा मांडणे, चालू झाले आणि पडद्यावरची टक्केवारी कृष्णेच्या उन्हाळ्यातल्या पाण्याच्या वेगाने पुढे सरकत असताना मी भडंगाची पुडी संपवत रात्रभर खुर्चीत बसून राहिलो. पहाटे दिवा हिरवा झाला.

सकाळी दार उघडताच पायरीवर कालच्याच आजी उभ्या होत्या. "काय रं बाबा, गेली का ती रेड?"

झोप न झालेल्या माणसाने अशा वेळी तोंड उघडू नये. मी अभिमानाने म्हणालो, "छे हो आजी, आता रेड एकदम ठणठणीत आहे."

"अजून हायच व्हय?" असे म्हणत त्यांनी उरलेल्या दोन्ही पावत्या काउंटरवर ठेवल्या.