कमोड बसवायला ‘अर्धा तास आणि एक पाना’ पुरतो का?

सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. ‘प्लंबर उगाच बाऊ करतात. नवा कमोड बसवणं अर्ध्या तासाचं काम. कुठलाही कमोड कुठल्याही पाईपवर बसतो. खाली सिमेंट भरा, नट हलेनासा होईपर्यंत आवळा, कडेने गच्च सिलिकॉन मारा. वास आला तर फरशीखाली आणखी एक ट्रॅप (पाणी साठून वास अडवणारं पाईपचं वळण) टाका. पाणी वाचवायला टाकीत वीट ठेवा. वॉल हंग (भिंतीला टांगलेला कमोड) मात्र घेऊ नका, वजनाने तुटतो.’

यातली एक गोष्ट मला मान्य आहे: हे काम घरच्या घरी करता येतं. हात चालणाऱ्या कुणालाही जमेल, मदतीला दुसरा माणूस हवा इतकंच. बाकीचा मजकूर मात्र डोळ्यांना दिसतं तेवढ्याचाच विचार करतो, आणि कमोड बिघडतो तो न दिसणाऱ्या जागी.

‘कुठलाही कमोड कुठेही बसतो.’ सगळ्यात महागात पडणारं वाक्य हेच. आधी बघायचं की मैलापाईप फरशीतून वर येतो की भिंतीतून. फरशीतून येत असेल तर एस ट्रॅपचा कमोड लागतो, भिंतीतून येत असेल तर पी ट्रॅपचा. एस ट्रॅपमध्ये भिंतीपासून पाईपच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजायचं. बाजारात साधारण १००, २२५ आणि ३०० मिलिमीटरचे कमोड मिळतात. भिंत म्हणजे टाइल लावून झालेली भिंत, आणि घोळ इथेच होतो. उघड्या विटांपासून २२५ मोजून कमोड आणला, मग गिलावा आणि टाइल मिळून ३० मिलिमीटर चढले की अंतर उरतं १९५. आता टाकी भिंतीला टेकते आणि कमोडचं तोंड पाईपच्या पुढे पडतं. मग कुणीतरी तिरकी कॉलर (कमोडचं तोंड पाईपला जोडणारा तिरका तुकडा) सुचवतं. ती चालते, नाही असं नाही, पण तिच्या वळणावर कागद अडकायला जागा मिळते. पी ट्रॅपमध्ये मोजायची ती उंची: तयार फरशीपासून पाईपच्या मध्यापर्यंत, बहुतेक कमोडला १८० मिलिमीटरच्या आसपास. जुन्या फरशीवर नवी टाइल चढवली की ही उंची तेवढीच कमी होते, आणि टाइल निवडताना ते कुणाच्या डोक्यातही येत नाही. म्हणून आधी टेप, मग दुकान.

जुना कमोड उचलल्यावर काय करायचं याबद्दल त्या मजकुरात अवाक्षर नाही. उघड्या पाईपमधून गटारातला वायू थेट घरात येतो, त्यात हायड्रोजन सल्फाइड असतो. पाईपच्या तोंडात कापडाचा घट्ट बोळा कोंबा आणि त्याचं एक टोक बाहेर लोंबतं ठेवा. नाहीतर नवा कमोड त्याच बोळ्यावर बसतो आणि पहिल्याच फ्लशला पाणी वर चढतं.

सिमेंटचं म्हणणं अगदीच चूक नाही, जुनी कामं तशीच झालेली आहेत. पण पाईपचा सांधा बंद करणं हे सिमेंटचं काम नव्हे. ते काम रबरी कॉलरचं, काही ठिकाणी मेणाच्या रिंगचं. मेणाची रिंग एकदा दबली की संपली. कमोड पुन्हा उचलावा लागला तर नवीच घालायची. सिमेंटला लवचीकपणा नसतो. फरशी जराशी खचली की एकतर त्यात चीर पडते किंवा कमोडला. शिवाय पुढे कधी कमोड काढायची वेळ आली तर छिन्नी लावावी लागते आणि तो क्वचितच शाबूत निघतो. डुगडुगत असेल तर प्लॅस्टिकच्या पातळ पाचरी सरकवा, लेव्हल लावून बघा.

नट आवळण्याबद्दल थोडक्यात. सिरॅमिक दाब सोसतं, ताण सोसत नाही. दोन्ही बाजूंचे नट हाताने बसवा, मग पान्याने आलटून पालटून थोडे थोडे आवळा. कमोडवर बसून बघा, सैल वाटले तर पुन्हा किंचित. पान्यावर जोर लावावा लागतोय असं वाटलं की थांबा. भेग तेव्हाच दिसेल असं नाही, काही दिवसांनीही उमटते.

गच्च सिलिकॉनवर माझा जास्त आक्षेप आहे. मागच्या बाजूला दोन बोटं जागा मोकळी ठेवावी. सांधा गळायला लागला तर पाणी तिथून बाहेर येतं आणि लगेच कळतं. चारही बाजू बंद केल्या तर तेच पाणी फरशीखाली मुरतं आणि खालच्या छताला ओल आल्यावर शोध सुरू होतो. पूर्ण वर्तुळ बंद करण्याचा नियम असेल तिथे निदान काही दिवस वापरून, सांध्याभोवती कोरडा टिश्यू फिरवून बघा, मग सिलिकॉन मारा. ते नीट वाळायला साधारण २४ तास लागतात, म्हणजे अर्ध्या तासाचा हिशेब इथेच कोलमडला.

जादा ट्रॅपचा सल्ला तर उलटाच आहे. कमोडच्या पोटात ट्रॅप असतोच. त्या वळणात साधारण ५० मिलिमीटर पाणी साठून राहतं आणि वास अडवतं. (अशा वळणाच्या पाईपचं पेटंट अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ मध्ये घेतलं. युक्ती तेव्हापासून तीच आहे.) लागोपाठ दोन ट्रॅप टाकले की मधे हवा कोंडते, फ्लश मंदावतो आणि दुसऱ्या वळणात घाण साचते. वास येतच असेल तर आधी सांधा तपासा, मग हवेचा पाईप (मैलापाईपमध्ये हवा येऊ देणारा). बेसिनचं पाणी सोडल्यावर कमोडमध्ये गुडगुड आवाज येत असेल तर हवेचा पाईप तुंबलेला किंवा मुळातच नसण्याची शक्यता मोठी. हवा मिळाली नाही की ट्रॅपमधलं पाणी ओढलं जातं आणि वासाला वाट मिळते.

वीट टाकीत ठेवू नका. ती झिजते, कण वॉशरखाली अडकतात आणि पाणी सतत झिरपत राहतं. नवा कमोड ठरावीक पाण्यावर बेतलेला असतो: पूर्ण फ्लशला साधारण ६ लिटर, अर्ध्याला ३. ते कमी केलं की दोनदा फ्लश करावा लागतो. पाणी वाचवायचंच असेल तर आधी गळती शोधा: टाकीत खायच्या रंगाचे थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर वॉशर गळतोय.

वॉल हंगची भीती तर निराधार. युरोपीय मानक ईएन ९९७ प्रमाणे अशा कमोडला ४०० किलोचा भार सोसून दाखवावा लागतो. तुटतो तो कमोड नव्हे, निसटतं ते त्याचं बसवणं. लोखंडी फ्रेम फरशीत आणि भक्कम भिंतीत पक्की हवी, नुसत्या पातळ आडभिंतीच्या भरवशावर नको.

फरशीतला पाईपच तडकलेला निघाला किंवा माप कशातच बसेना, तर मात्र हट्ट सोडून प्लंबरला बोलवा.